दात येईस्तोवरचं झबलं

अकोल्याच्या जठारपेठेत गेल्या चाळीस वर्षात जेवढी लेकरं जन्माले आली, त्यातली निम्मी आमच्या मागच्या गल्लीतल्या मावशीच्या झबल्यात मुतली आहेत, अन् हे मी फुगवून सांगत नाई, उलट कमी करून सांगून राहिली. त्यातलं कोनी डॉक्टर झालं, कोनी पोलिसात गेलं, एक तर पुढारी झाला, चौकात माइकवर भाषन देऊन राहिला होता, अन् मावशी खालून साऱ्याइले ऐकू जाईन असं म्हने, "याले बंद घट्ट बांधला की लय रडे. सैल ठेवा लागे याचा." मी काई लिहिनारी बाई नाई, नववीत शाळा सुटली माही, पेन धरलं की अजून अक्षर वाकडं पडते. पन मावशीबद्दल कोनी लिहिलं नाई अन् आता तिचं तिलेच काई आठवत नाई, म्हनून मीच लिहून राहिली, जसं तोंडात येते तसं.

मावशीच्या खाटेखाली एक हिरवी लोखंडी पेटी होती अन् पेटीत सात झबले. मलमलचे, पांढरे, पाठीवर बंद असलेले, धुऊन धुऊन असे मऊ झालेले की हातात घेतले तर हातात काई आहे असंच वाटे ना. आमच्याकडे नव्या लेकराले पहिलं कपडं नवं घालत नाईत, कोन्या धडधाकट लेकराच्या अंगावरचं मांगून आनतात, अन् मांगाले जानारी बाई मांगते ते पोट्ट्याच्याच अंगावरचं, म्हनजे आपल्यालेही पोट्टाच होईन. साऱ्या जठारपेठेले पक्कं ठाऊक होतं, मावशीच्या पेटीत सारे पोट्ट्याचेच झबले. बाई दारात आली की मावशी पेटी ओढे, चष्म्याची दोरी कानाले गुंडाळे, झबलं उजेडात धरे अन् सांगे, "हे बँकेतल्या साहेबाच्या पोट्ट्याचं. अन् हे आकोटच्या जिनिंगवाल्याच्या नातवाचं, चार किलोचा होता मेला, फाटलं नाई हेच नवल." चार किलो ऐकलं की बाईचा चेहरा दिवा लावल्यासारखा होये, अन् ते झबलं पदराखाली घालून ती घाईघाईनं घरी जाये.

पन मावशीचे कायदे होते. पहिला कायदा, लेकराले दात आला की झबलं वापस. अन् दात आला का नाई हे ती मायच्या शब्दावर सोडत नसे. सहावा महिना लागला की दारात उभी. "आन वं लेकराले." बोट धुवे, लेकराच्या तोंडात घाले, हिरडी चाचपे, अन् बोटाले दाताची कनी लागली की, "आला. दे झबलं." आमच्या शेजारीनीले एकदा जेवनाचं ताट सोडून, खरकट्या हातानं लेकराच्या अंगावरचं झबलं उतरवा लागलं होतं. दुसरा कायदा याहून अवघड. झबलं वापस आलं की मावशी ते नाकाले लावे. दुधाचा, लाळेचा वास आला तर पेटीत. नुसता साबनाचा आला तर त्याच पावली बाईच्या हातात. "हे लेकराच्या अंगाले लागलंच नाई. देवघरात ठेवलं होतं काय? जाय, घालून आन, मंग घेईन." एकीनं खरंच शोकेसमधे ठेवलं होतं, पाहुन्याइले दाखवाले.

अन् एक खोड अशी, की कोनाले लेकरू झालं तर पोट्टा झाला का पोट्टी हे तिनं जन्मात कधी इचारलं नाई. इचारे, "किती भरलं?" अन् कोनी तिले इचारलं, मावशी, पाटलाच्या सुनेले काय झालं वं, तर सांगे, "पावनेतीन किलो." "अवं पन काय झालं?" "सांगतलं ना, पावनेतीन किलो. रडते चांगलं." बाया चिडत, म्हनत बुढी बहिरी झाली. बहिरी काई नोती.

आमचे हे लहान लेकरांच्या रेडिमेड कपड्याच्या दुकानात सेल्समन आहेत. त्या दुकानाच्या एका भिंतीवर पोट्ट्याइचे कपडे, निळे, त्यावर गाड्या अन् वाघ. दुसऱ्या भिंतीवर पोट्ट्याइच्या बहिनीइचे, गुलाबी, त्यावर फुलपाखरं अन् टोचनाऱ्या जाळ्या. एकदा मावशी तिथं गेली. ह्याईनं सवयीनं इचारलं, "मावशी, पोरगा का पोरगी?"

"लेकरू."

"हाव, पन पोरगा का पोरगी? कोनत्या भिंतीवरचं काढू?"

"दोन महिन्याचं हाये बापू. पाठीवर निजते अन् मुतते. सुती काढ."

ह्याईनं निळं काढलं अन् गुलाबीबी काढलं. मावशीनं दोन्ही उलटे केले, आतून शिवन चाचपली, कंबरेच्या पिशवीतून इवलीशी कैची काढली अन् मालक पाहात असता मानेजवळची टोचनारी चिठ्ठी दोन्हीची कापून टाकली. मंग काईच न घेता निंगून आली. ती कैची कायम तिच्यापाशी राहे. कोन्या पोट्टीच्या पहिल्या वाढदिवसाले गेली, पोट्टी जाळीच्या फ्रॉकात लाल होऊन रडून राहिली, माय म्हने भूक लागली, आजी म्हने नजर लागली, तर मावशीनं भर हॉलमधे फ्रॉक उतरवला, उलटा केला अन् तसाच घातला. पोट्टी हासाले लागली. सारे फोटो उलट्या फ्रॉकातले आहेत अजून, अन् ती माय मावशीशी दोन वर्ष बोलली नाई.

आता माहं सांगते. माह्या मोठ्या लेकीच्या वेळी मले काई समजतच नोतं, लग्नाले वर्ष झालं होतं, मी आपली भिऊन भिऊन राहे. पोट्टी झाली तर सासू म्हने, पहिली चालते. दुसऱ्याच्या वेळी सहावा महिना लागला अन् सासूनं मले सैपाकघरात बसवून सांगतलं, आवाज न चढवता, भाकर थापता थापता, "बाळंतपनाले मायेरी जाय. पोट्टा झाला तर आमी घ्याले येऊ. पोट्टी झाली तर तू अन् तुह्या दोन्ही पोट्ट्या तिथंच बऱ्या." हे खाली मान घालून जेवत होते. भाकर फुगली, ह्याइच्या ताटात पडली, ह्याईनं ती मोडली. त्या दिवसापासून माह्या पोटात लेकरू कमी अन् भेवच जास्त वाढून राहिला होता.

सासूनंच मले मावशीकडे धाडलं. पदर बोटाले गुंडाळनारे माहे हात पाहून मावशीनं पेटी ओढली नाई लगेच. पानी देलं. मंग एक झबलं काढलं. मी इचारलं, "मावशी, पोट्ट्याचंच हाये ना?"

"हाव."

"खरंच ना? देवाची शपथ?"

"पोट्ट्याचंच हाये माय. घे. घातल्याबिगर वापस आनू नको."

मी ते उशीखाली ठेवून निजे. कपाळाले लावे. आता लिहाले लाज वाटते, पन मी त्या झबल्याशी बोले, की बाप्पा, मले वापस घरी येऊ दे.

अमरावतीच्या दवाखान्यात लेकरू झालं. नर्स म्हने, लक्ष्मी आली. मी तोंड फिरवलं, हे बी लिहून टाकते, लपवून काय करू. नांदगाव पेठेले माह्या मायच्या घरी आली तर दुसऱ्या दिवशी सासूचा फोन. तब्येत इचारली नाई. म्हने, "ते झबलं पोट्टीले घालू नको. धाकट्याचं लग्न जमून राहिलं, त्याच्या बायकोच्या कामी येईन. धुऊन ठेव." मी झबलं उतरवलं, धुतलं, घडी केली, पिशवीत ठेवलं. लेकीले माह्या बाबाच्या जुन्या धोतराचं फडकं गुंडाळलं. थंडीचे दिवस. माहा भाऊ एमआयडीसीतल्या कपड्याच्या कंपनीत कामाले, दिवसभर त्याच्या हाताखालून हजारो मीटर कापड जाये, पन घरात कोनी पोट्टीसाठी नवं काई शिवू म्हनलं नाई, अन् मीही म्हनली नाई. मले वाटे, हिले जेवढं कमी देईन तेवढं माहं पाप कमी होईन. असं काहून वाटे, ते नाई सांगता येत. महिना गेला, दोन गेले, अकोल्याहून कोनी आलं नाई. मोठी लेक इचारे, "बाबा कवा येतीन?" मी म्हनो, येतीन.

तिसऱ्या महिन्यात एक दिवस दुपारी दारात मावशी. एसटीनं अमरावती, तिथून ऑटोनं नांदगाव पेठ, सत्तरीची बाई, अंगावर शाल अन् कंबरेले पिशवी.

"दात आला का?"

मी अशी भडकली की साऱ्या घरानं ऐकलं. "कायचा दात मावशी! तीन महिन्याची हाये! अन् तुमचं झबलं खोटं निंगालं! पोट्टी झाली मले, माहं घर गेलं, अन् तुमी दात पाहाले आल्या?"

मावशी लेकरापाशी बसली, फडकं पाहिलं. "माहं झबलं कुठं हाये?"

मी पिशवीतून काढून देलं. तिनं नाकाले लावलं. साबनाचा वास. मले वाटलं आता कायदा सांगन, रागावन, पन तिनं माह्याकडे पाहिलंच नाई. हळूहळू ते फडकं सोडलं, लेकरू थंडीनं आखडलं, तिनं तळहात घासून घासून लेकराच्या छातीवर ठेवले, मंग झबलं घातलं, बंद सैल बांधला. अन् बंदाशीच बोलल्यासारखी सांगाले लागली.

"हे झबले कोन्या पोट्ट्याचे नाईत. मी पोटुशी होती तवा शिवले, नऊ होते, आता सात उरले. मले पोट्टी झाली. सासूनं झबले पेटीत घालून कुलूप लावलं. म्हने, पोट्टा होईन तवा काढू, पोट्टीले फडकं चालते. मी नाई बोलली. तुह्यासारखीच होती मी. ते दिवसबी थंडीचेच. छाती भरली तिची. पोट्टी गेल्यावर सासूनं चाबी माह्या हातात देली."

मीच येड्यासारखं इचारलं, "मंग साऱ्याइले पोट्ट्याचं काहून सांगता?"

"पोट्ट्याचं म्हनल्याबिगर घालत नाईत, म्हनून. जिले पोट्टा होते ते पेढे वाटते, जिले पोट्टी होते ते चूप राहून झबलं वापस आनून देते. म्हनून माही पेटी पोट्ट्याची. तुह्या घरामागची ती मास्तरीन, तिच्या तिन्ही पोट्ट्या याच झबल्यात वाढल्या. कपड्याले काय समजते वं? त्याले आंग पायजे."

चहा पिला नाई तिनं. जाताना ते धोतराचं फडकं उचलून आपल्या पिशवीत टाकलं. मी म्हनली, राहू द्या मावशी, घरात पुसाले होते. तिनं ऐकलं नाई.

पुढचं मले ह्याईनं सांगतलं, लय दिवसानं. मावशी सरळ दुकानात गेली. गिऱ्हाईक होतं, मालक होता. ते फडकं काउंटरवर पसरलं अन् म्हने, "बापू, हे तुह्या लेकीच्या अंगावरचं हाये. सांग, कोनत्या भिंतीवर टांगतं? निळ्या का गुलाबी?" ह्याईनं खाली पाहिलं. मावशी तिथंच स्टूल ओढून बसली अन् येनाऱ्या हरएक गिऱ्हाइकाले ते फडकं दाखवून तेच इचारे. दुकान बंद होईस्तोवर.

दुसऱ्या दिवशी हे आले. हातात दुकानातला डबा, त्यात गुलाबी जाळीचा फ्रॉक, एक वर्षाच्या पोट्टीचा. तीन महिन्याच्या लेकराले. मले रडू अन् हासू संगच आलं. मी इचारलं, "आईले इचारून आले?" हे म्हने, "नाई." तेवढंच. ह्या मानसाच्या तोंडून मी तेवढं मोठं बोलनं पहिल्यांदा ऐकलं.

घरी आली, पन सारं गोड झालं असं काई नाई. सासूनं लहानीले मांडीवर घेतलं नाई, लेकरू रांगत तिच्या पायापाशी जाये अन् ती पाय उचलून घेये. अजूनबी तिसऱ्या लेकराची गोष्ट निंघते अन् मी उठून भांडे घासाले लागते. लहानीले आठव्या महिन्यात दात आला, तर मावशी आलीच नाई. मी वाट पाहिली अन् शेवटी मीच झबलं घेऊन गेली. मावशी खाटेवर बसून होती, पेटी उघडी, सारे झबले जमिनीवर, एक एक नाकाले लावून राहिली होती. मले पाहून म्हने, "तू कोनाची वं?" मले वाटलं चेष्टा करून राहिली.

मंग तिचा भाचा येऊन तिले आकोटले घेऊन गेला. निंघताना एका चांगल्या क्षनी तिनं पेटी माह्याकडे ढकलली. म्हने, "वास घेऊन ठेवजो."

औंदा धाकटी जाऊ सातव्या महिन्यात माह्या खोलीत आली. पदर बोटाले गुंडाळून राहिली होती, मी गुंडाळे तसाच. "ताई, पोट्ट्याचंच हाये ना?" मी ठरवलं होतं, कोनी इचारलं तर खरं सांगाचं. पन तिचे हात पाहिले अन् म्हनली, "हाव. घे. घातल्याबिगर वापस आनू नको. मी वास घेऊन पाहीन." तिच्या चेहऱ्यावर दिवा लागला. मी पेटी लावली अन् मले स्वतःचाच भेव वाटला, अन् मावशीची माया आली.

जावेले लेकरू झालं. दोन किलो नऊशे. रडते चांगलं. तिनं दवाखान्यातून घरी फोन केला तवा रडून राहिली होती, पन मी आधीच जाऊन झबलं घालून आली होती, सैल बंद बांधून.

परवा लहानीले घेऊन आकोटले गेली. मावशी अंगनात खुर्चीवर, शाल पायावर. मले ओळखलं नाई. लहानीले मात्र बोटानं बोलावलं, जवळ ओढलं, नाव इचारलं नाई, बोट पदराले पुसलं अन् तिच्या तोंडात घातलं. माह्या लेकीचे सारे दात आलेले, तीन वर्षाची हाये ती. मावशी लय वेळ एक एक दात चाचपत राहिली. मंग माह्यापुढं हात पसरला.

"आले की वं सारे. दे झबलं."

"झबलं दुसऱ्या लेकराच्या अंगावर हाये मावशी."

तिनं हात शालीखाली घेतला.

"मंग राहू दे," म्हने. "थंडी हाये."