कामावर गेलेला तारपा

भिंगरी सरांना खुर्चीत बसलेलं कुणी पाहिलं असेल, तर त्याने मला येऊन सांगावं. चित्रकलेचे शिक्षक म्हणून निवृत्त झाले तरी पायाची भिंगरी सुटली नव्हती. चहासुद्धा येरझाऱ्या घालत प्यायचे आणि निम्मा सदऱ्यावर सांडायचे. मी त्यांची जुनी विद्यार्थिनी. रविवारी त्यांचं संग्रहालय उघडायला मदत करायचे, आणि त्यांच्यामागे फिरून माझेच पाय दुखायचे.

संग्रहालय म्हणजे तलासरीतल्या बंद पडलेल्या भातगिरणीच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत झाईच्या मच्छीमारांची जाळी, नरपडच्या वाडीतली चिकू उतरवायची काठी, डोंगराकडच्या पाड्यांवरची दळायची जाती आणि कणग्या. आत गेरूने सारवलेल्या भिंतींवर तांदळाच्या पिठाची चित्रं, पाड्यावरच्या बायकांनी येऊन काढलेली. सुरुवात एका जात्यापासून झाली. घर मोडताना कुणी ते पायरीला लावायला निघालं होतं, ते सरांनी सायकलवर घालून आणलं.

त्यांची खोड अशी, की मागेल त्याला वस्तू वापरायला द्यायचे. लग्नसराईत निम्म्या खुंट्या रिकाम्या, आणि खुंटीला पाटी : 'कामावर गेले आहे'. लांबून आलेले पाहुणे वैतागायचे. सर म्हणायचे, "वस्तू नुसती टांगून ठेवली की आजारी पडते." मला वाटायचं, हे स्वतःबद्दलच बोलताहेत.

मग गिरणीच्या मालकाला जागा परत हवी झाली. नवी जागा मिळायची तर सरकारी समितीने येऊन संग्रह जुना आणि मोलाचा ठरवायला हवा होता. सगळी भिस्त संग्रहातल्या सगळ्यात जुन्या वाद्यावर, एका तारप्यावर होती. कित्येक वर्षं फुंकून फुंकून त्याचा भोपळा काळा पडला होता. आणि नेमका तोच दिवाळीच्या नाचासाठी पाड्यावर गेलेला. समिती दुसऱ्या दिवशी यायची होती. सरांच्या दारातल्या फेऱ्या बघवेनात, तेव्हा मीच म्हटलं, चला, घेऊन येऊ.

तारपा वाजवणाऱ्या लखमाकाकांनी तो हसत हसत पुढे केला. पिवळाधमक! जुना भोपळा तडकला म्हणून त्यांनी सुकवून ठेवलेल्यातला सगळ्यात देखणा भोपळा त्याला बसवला होता.

"फुटका कसा परत देऊ, सर? आमचीच लाज."

जुना भोपळा कुठे आहे, मी विचारलं. तो चुलीत गेला होता. मी कपाळाला हात लावला. सरांनी मात्र वाजवून दाखवायला सांगितलं, आणि तो वाजत होता तेवढा वेळ ते हलले नाहीत.

समितीच्या साहेबांनी भोपळ्यावर नख मारून पाहिलं, आणि जागा गेली. मी चरफडले. सर दुसऱ्याच दिवसापासून एकेक वस्तू ज्याची त्याच्या घरी पोचवू लागले. पुढे कुणी संग्रहालय विचारत आलं, की ते त्याला पाड्यापाड्यावर हिंडवायचे, या घरी जातं, त्या घरी कणगी. "आता दालनं वाढली," म्हणायचे.

गेल्या उन्हाळ्यात सर गेले. दिवाळीत मी पाड्यावर गेले, तर तारप्याचा भोपळा पुन्हा नवा.

"सरांनी सांगितलेला, फुटला तं बदल, पन वाजायचा थांबू नको," लखमाकाका म्हणाले.

मला रडू आवरेना. तेवढ्यात दोन्ही बाजूंनी बायकांनी माझ्या कमरेला हात घालून मला नाचाच्या रांगेत ओढलं. माझेही हात त्यांच्या कमरेला अडकले, डोळे पुसायला एकही मोकळा राहिला नाही. मी तशीच फिरत राहिले.