नवमीचं पान

बडोद्यातल्या समा भागातल्या आमच्या सोसायटीतल्या बायकांचा फोनवर एक ग्रुप होता. हांडवा का फुगत नाही, साबुदाणा किती वेळ भिजवायचा, असलं काहीबाही त्यावर चालायचं. आई नाहीशी झाली आणि आठवड्याच्या आत त्या ग्रुपचं गुप्तहेर खातं झालं. मला हे ठाऊक आहे, कारण आईचा फोन घरीच राहिला होता. पोलिसांनी तपासून तो परत दिला, आणि ग्रुपमधून आईला काढावं हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. त्या आईबद्दल आईच्याच फोनवर लिहीत होत्या आणि मी ते वाचत होते.

झालं ते असं. श्रावण सरत आला होता. आई एका लॅबसाठी घरोघर जाऊन रक्ताचे नमुने घ्यायची, त्यामुळे सकाळी लवकर निघायची. "भेंडी चिरून ठेवलीय, फोडणी तेवढी दे," एवढं बोलून ती गेली. दुपारी लॅबमधून काकांना फोन आला की बेन आज आल्याच नाहीत. काकांनी तिला फोन लावला तर तो स्वयंपाकघरातच वाजला, चार्जरला लावलेला. पुढे तिची स्कूटर बाजवा स्टेशनबाहेर सापडली. जवळच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात स्कूटर लावून चालत जाणारी एक बाई होती, पण बडोद्यात स्कूटरवरची बाई म्हणजे डोळे सोडून सगळं तोंड ओढणीत. पोलिसांनी मला ते चित्र पुन्हा पुन्हा दाखवलं. मी एकदा हो म्हणाले, एकदा नाही म्हणाले. आजही मला सांगता येणार नाही.

घरात आम्ही तिघं होतो. माझे वडील मी लहान असतानाच वारले. ज्यांना मी काका म्हणते ते बाजव्याजवळच्या एका प्लांटमध्ये शिफ्टला जायचे. त्यांची बायकोही आजारपणात गेलेली. ते आणि आई लग्न न करता एकत्र राहत होते. "एकदा झालं तेवढं पुरे," आई म्हणायची आणि काका मान डोलवायचे.

सोसायटीला मात्र ते पुरेसं नव्हतं. आमच्या वरच्या मजल्यावर एक मावशी राहायच्या, आमच्यासारख्याच मराठी, पण बोलण्यात गुजराती 'ने' मिसळलेला. संक्रांतीला हळदीकुंकवाचं बोलावणं करत त्या खालपर्यंत जायच्या आणि येताना-जाताना नेमकं आमचं दार गाळायच्या. एका वर्षी आई दारातच उभी होती. मावशींचा नाइलाज झाला. "वाईट नका वाटून घेऊ हं," त्या म्हणाल्या, "पण तुमचे मिस्टर गेलेले, ने ह्यांच्याशी काही विधी नाही. मग सवाष्ण कसं म्हणायचं, तुम्हीच सांगा." आई हसली. दार लावून मला म्हणाली, "वाण म्हणून प्लास्टिकचा डबाच देणार. आपल्याकडे काय डबे कमी आहेत?" मग बराच वेळ ती कोरडाच ओटा पुसत राहिली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता.

तर आता त्याच मावशी ग्रुपवर तपास चालवत होत्या. स्कूटर बाजव्याला सापडली आणि 'तिचा तो' बाजव्याला नोकरीला, हा पहिला पुरावा. तो रडत नाही, हा दुसरा. तो तिसऱ्याच दिवशी कामावर गेला, म्हणजे मनाला काही लागलेलंच नाही. त्यानं तिचे ड्रेस धुऊन इस्त्रीला दिले, म्हणजे काहीतरी डाग घालवायचे असणार. हेतूही ठरले होते. कुणी म्हणे विमा, कुणी म्हणे दुसरी बाई. पहिली बायको तरी आजारानंच गेली कशावरून, असंही एकीनं विचारून टाकलं, आणि त्याखाली लगेच दुसरीनं उपवासाच्या कढीची कृती टाकली. एके दुपारी कुणीतरी लिहिलं, "घरात तरणी मुलगी आहे, ते पण जुओ ने." तेही बघा, म्हणे. मी फोन उलटा करून ठेवला.

राग यायचा तो खराच, पण भीतीही वाटायची, हे लपवून काय उपयोग? मी बारावीत होते. घरात एक माणूस माझ्यासाठी सकाळी चहा करत होता, आणि बाहेरचं जग म्हणत होतं की त्यानं तुझ्या आईला मारलं. एकदा-दोनदा ऐकलं की हसू येतं. रोज ऐकलं की माणूस चहाच्या कपाकडेही बघायला लागतो. मी माझ्या खोलीला आतून कडी लावायला लागले. ती नीट बसायची नाही, दोनदा आपटावी लागायची, बाहेर आवाज जायचा. एक दिवस शाळेतून आले तर त्यांनी कडीत तेल घालून ती सरळ केली होती. आता ती एका बोटानं लागत होती. ह्याचा अर्थ काय घ्यायचा ते मला कळेना.

मामा डभोईहून दर दोन-तीन दिवसांनी येत. आईचा सख्खा भाऊ, तिच्यापेक्षा लहान, डोळे खोल गेलेले. मावशींनी त्यांचा नंबर मिळवला होता, त्यामुळे ग्रुपवरचं सगळं त्यांच्या कानावर जात होतं. "तुला इथे ठेवून मला अन्न गोड लागत नाही," ते म्हणायचे. मला अठरा वर्षं पूर्ण व्हायची होती. मामांनी ठरवलं असतं तर मला जावंच लागलं असतं. एवढ्यात पितृपक्ष आला.

आमच्यात पितृपक्षातली नवमी ही अविधवा नवमी. नवऱ्याच्या आधी, सवाष्णपणी गेलेल्या बायकांचं त्या दिवशी करतात. काका दरवर्षी त्यांच्या बायकोचं पान गच्चीवर कावळ्याला ठेवायचे, आणि स्वयंपाक माझी आई करायची. खीर, वडे, गवारीची भाजी, आमसुलाची चटणी. त्या बाईंना तिनं कधी पाहिलं नव्हतं, पण बोलायची 'ताई' म्हणून. हॉलमधला त्यांचा फोटो तीच पुसायची. "ताईंना खीर गोड लागायची म्हणे, घाल अजून साखर," असं मला सांगायची.

त्या वर्षी काकांनी रजा घेतली आणि सकाळपासून स्वतःच स्वयंपाकाला लागले. खीर खाली लागली, वडे फुटले. मी पाणी प्यायला आत गेले तर ओट्यावर धुतलेली केळीची पानं होती. दोन.

एक पान ताईंचं. दुसरं कुणाचं? आई कुठे आहे हे पोलिसांना माहीत नव्हतं, मामांना माहीत नव्हतं. ती गेलीच आहे हे ज्याला पक्कं ठाऊक असेल तोच माणूस तिचं पान मांडेल. काका ताट फडक्यानं झाकून गच्चीवर निघाले, तशी मी अनवाणी त्यांच्या मागे गेले आणि शेवटच्या वळणावर थांबले. दाराच्या फटीतून काका दिसत होते. लांब टाकीपाशी मावशी वाळत घातलेले कपडे काढायच्या निमित्तानं उभ्या होत्या. आम्ही दोघी दोन बाजूंनी एकाच माणसावर पाळत ठेवून होतो.

काकांनी कठड्यावर एक पान मांडलं. एकच. भात वाढला, खीर वाढली, फुटलेल्यातला त्यातल्या त्यात बरा वडा ठेवला. मग मागे सरून वाट बघत उभे राहिले. शेजारच्या इमारतीवर कावळे बसले होते, पण एकही हलेना. ऊन चढलं. कपाळावरचा घाम पुसून काकांनी हात जोडले आणि घरातल्या माणसाशी बोलावं तसं बोलायला लागले. "अगं, ती तिकडे आलेली नाही ना? आली असेल तर शिवू नकोस, म्हणजे मला कळेल. नसेल आली तर शीव बाई आता. पोरगी उपाशी आहे."

बऱ्याच वेळानं एक कावळा आला. त्यानं दोनदा मान वळवून पाहिलं आणि वडा उचलला. काका मटकन खाली बसले आणि तोंडावर हात घेऊन रडले. महिनाभरात मी त्यांना पहिल्यांदाच रडताना बघत होते, आणि मावशीही बघत होत्या.

मी धावत खाली आले. थोड्या वेळानं काका आले, तोंड धुतलं आणि दुसरं पान माझ्यासमोर मांडलं. "आई असती तर आज तुला पानावरच वाढलं असतं," ते म्हणाले. खीर करपलेली होती. मी ती दोनदा घेतली. खोलीची कडी त्यानंतर मी लावली नाही.

संध्याकाळी दिवे लागायच्या सुमाराला बेल वाजली. दारात मामा, त्यांच्यामागे तपासावरचे पोलीस साहेब आणि त्यांच्याही मागे मावशी. साहेब गुजराती होते, थकलेले वाटत होते. मावशींनी बसायचीही वाट पाहिली नाही. "आज गच्चीवर पान ठेवलं ह्यांनी. मी डोळ्यांनी जोयलं. नवमीला मेलेल्या बाईचं करतात ने, साहेब? म्हणजे ती मेली हे ह्यांना माहीत आहे! ने हात जोडून रडत होते. माफी मागत होते!"

साहेबांनी काकांना विचारलं, "पान कोनुं हतुं? कुणाचं?" काका हॉलमधल्या फोटोकडे बघत राहिले. मामांच्या मुठी वळल्या होत्या. आता एका वाक्यावर काकांना घेऊन जातील, हे मला लख्ख दिसलं.

"मावशी," मी म्हणाले, "अविधवा नवमी कुणाची असते?"

"कुणाची म्हणजे? सवाष्णीची."

"मग माझी आई सवाष्ण होती?"

मावशींनी साहेबांकडे पाहिलं. मग मात्र मी थांबले नाही. "संक्रांतीला आमच्या दारात तुम्हीच म्हणालात ने, मिस्टर गेलेले, ह्यांच्याशी विधी नाही, सवाष्ण कसं म्हणायचं? इतकी वर्षं तुम्ही तिला कुंकवाचं बोट लावलं नाहीत. आणि आज ती मेली असं ठरवून तिला सवाष्ण करता? तिचं पान नवमीला मांडतच नाहीत, हे तुम्हाला ठाऊक नाही? ते पान ह्या फोटोतल्या ताईंचं. दरवर्षीचं. वडे माझी आई तळायची, वास तुमच्या घरात यायचा." माझा आवाज फाटला होता. "आणि माफी नव्हते मागत ते. मी जिन्यात होते. 'ती तिकडे आली असेल तर कळू दे,' असं ताईंना विचारत होते."

काकांनी तेव्हा माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्या मागे गेले होते, आणि का गेले होते, हेही त्यांना त्याच क्षणी कळलं असणार. त्यांनी फक्त मान हलवली.

साहेबांनीही फोटोकडे पाहिलं. मग म्हणाले, "नोम तो अमारेय होय. मारां बानुं पण आजे ज हतुं." नवमी त्यांच्यातही असते, आणि त्यांच्या आईचंही आजच होतं. मावशींना त्यांनी घरी जायला सांगितलं आणि मला जवळ बोलावलं. "बेटा, बीवानुं नहीं. तारे क्यां रहेवुं छे?" घाबरू नकोस, तुला कुठे राहायचंय, असं ते विचारत होते.

"इथेच," मी म्हणाले.

"तुझ्या आईला मी काय तोंड दाखवू?" मामा ओरडले, आणि ओरडता ओरडताच रडायला लागले. त्यांची ती सख्खी बहीण होती. मी त्यांचा हात धरला. म्हटलं, "मामा, आई आली आणि दाराला कुलूप असलं तर?" जाताना काकांकडे न बघता ते म्हणाले, "हिला काही झालं तर याद राखा."

त्यानंतरही काकांना चौकीवर पुष्कळदा बोलावलं. काही निघालं नाही. ग्रुपवर महिनाभर शांतता होती, मग कुणीतरी लोणच्याचा मसाला विचारला आणि त्यांचं सुरू झालं.

आई अजून सापडलेली नाही. आता मी नोकरी करते, काका रिटायर झालेत. इतकी वर्षं पत्ता नसला की कायद्यानं माणूस गेलं असं धरता येतं, असं कुणी सुचवलं की काका उठून गॅलरीत जातात. दर नवमीला ते गच्चीवर एकच पान मांडतात, तेच विचारतात, आणि खाली येऊन मला पानावर वाढतात.

यंदा त्यांच्या गुडघ्यांनी अगदीच दगा दिला. "तू ठेवून ये, आणि विचार," ते म्हणाले. माझा ह्या सगळ्यावर विश्वास नाही. पान मांडलं आणि सरळ खाली यायचं ठरवून मी वर गेले होते. पण कठड्यापाशी हात आपोआप जोडले गेले. "ताई, आई तिकडे आलेली नाही ना?" मी विचारलं. समोरच्या तारेवर कावळे ओळीनं बसले होते. मी उभी राहिले. खिरीवर साय धरली, वडा निवला, ऊन डोक्यावर आलं. एकही कावळा जागचा हलला नाही.

खालून काकांची हाक आली. मी जिना उतरले. ते जेवणाच्या टेबलाशी माझं पान मांडून बसले होते.

"शिवला का गं?"

"शिवला."

"लगेच?"

"लगेच," मी म्हणाले.

"म्हणजे नाही आली तिकडे," काका म्हणाले, आणि त्यांनी भाताचा पहिला घास घेतला.