अपेंडिक्स सांगा

मूळव्याधीचं ऑपरेशन झालं तेव्हा मी बावन्न वर्षांचा होतो. हृदयाचं दुखणं असतं तर मी ते चारचौघांत सांगितलं असतं, रिपोर्टांतले आकडेसुद्धा सांगितले असते. या दुखण्याची मात्र लाज वाटली. सहकारी संस्थेत हिशेबाचं काम करताना ज्याच्या-त्याच्या चुका दाखवत मी पंचवीस वर्षं काढली आहेत. अशा माणसाला हे दुखणं झालं की लोक किती आनंदाने हसतील, याचा मला अंदाज होता.

राजारामपुरीतलं ते हॉस्पिटल वीस खाटांचं. आमच्याकडे पेशंट दाखल झाला की पाहुण्यांची रीघ लागते. ज्याला यायला जमत नाही तो फोन करतो, आणि पेशंटचा फोन बंद असला तर हॉस्पिटलच्या काउंटरवर करतो. 'आमच्या पेशंटला काय झालंय?' म्हणून विचारतो आणि काउंटरवरची सिस्टर सांगते. तू कोण, असं उलट विचारायची पद्धत नाही. विचारलंच तर समोरचा चिडतो. 'आमालाच इचारतीस व्हय? घरची मानसं हाय आमी.'

म्हणून ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी काउंटरवर गेलो. सोबत बायको होती. सिस्टर चाळिशीच्या, बोलायला मोकळ्या, शाहूवाडीकडच्या.

"सिस्टर, कुणी विचारलं तर अपेंडिक्स सांगा."

त्या हसल्या. "काका, अपेंडिक्सचे टाके पोटावर असत्यात. कुणी दावा म्हटलं म्हंजे?"

"माझं पोट बघायला कोण येतंय?"

"बरं. अपेंडिक्स तर अपेंडिक्स. आमाला काय, पेशंट बरा झाला म्हंजे झालं."

खरं काय ते बायकोने फक्त आपल्या धाकट्या बहिणीला सांगितलं. बहिणीने नवऱ्याला सांगितलं. हा माझा साडू. शाहूवाडीकडच्या मलकापुरात त्याचं खताचं दुकान आहे. लग्नात नवरदेवाचे बूट लपवायला पोरांच्या पुढे असणारा माणूस. दुकानात दिवसभर रेडिओ लावून बसतो. शहरातल्या एका रेडिओवर तेव्हा दोन पोरांचा कार्यक्रम लागायचा. श्रोत्यांनी कुणाची तरी माहिती कळवायची, पोरांनी खोटं नाव सांगून फोन करायचा आणि ते बोलणं सकाळी सगळ्यांना ऐकवायचं. साडूने माझी माहिती कळवली. मला हसवायला, असं तो नंतर म्हणाला.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा फोन हॉस्पिटलच्या काउंटरवर गेला. मी तेव्हा वरच्या मजल्यावर पालथा पडून होतो. पुढे ते बोलणं इतक्या जणांनी मला तोंडपाठ म्हणून दाखवलं की ते इथे लिहायला मला काही ऐकावं लागत नाही.

"हॅलो सिस्टर, मी मलकापूरवरनं बोलालोय. तुमच्याकडं आमचं साडू हायत नव्हं, हिशेबवालं?"

"मलकापूरचं काय? मी बी तिकडचीच की."

"व्हय काय? मग तर घरचंच झालं. काय झालंय आमच्या पावण्याला?"

"अपेंडिक्सचं ऑपरेशन झालंय. बरं हायत."

"अपेंडिक्स पोटात असतंय का बुडाखाली?"

"अहो, पोटातच की!"

"मग आमचं साडू उताणं का झोपंनात?"

इथे त्या हसल्या. हसता हसता बोलून गेल्या, "अहो, मूळव्याधीचं ऑपरेशन झाल्यावर कोन उताणं झोपंल!"

त्यापुढे पोरांचं खिदळणं आणि वाजंत्री. माझ्या नावावर त्यांनी पीं असा आवाज घातला होता. पण हिशेबवाला, साडू मलकापूरचा आणि ऑपरेशन राजारामपुरीत, एवढ्यावरून आमच्या संस्थेतल्या शिपायानेही मला ओळखलं असतं. ओळखलंच. मी कामावर हजर झालो त्या सकाळी टेबलाशी पोचेपर्यंत तिघांनी विचारलं, "काय पावणं, आज उताणं का पालथं?" भाजीवाल्यानेही विचारलं. मुलीच्या क्लासमधल्या एकाने तिच्या फोनवर ती क्लिप पाठवली. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

ती क्लिप मी तेव्हा कधीच शेवटपर्यंत ऐकली नाही. माझ्या दुखण्याचं नाव आलं की मी बंद करायचो किंवा उठून जायचो.

कामावर हजर झाल्याच्या चौथ्या दिवशी मी हॉस्पिटलमध्ये गेलो आणि डॉक्टरांच्या केबिनमध्ये उभा राहिलो. बसणं अजून नीट जमत नव्हतं. माझी खासगी गोष्ट तुमच्या माणसाने गावभर केली, तुम्ही काय करणार ते सांगा, असं म्हणालो. माझं म्हणणं चूक नव्हतं. पेशंटचं दुखणं पेशंटचं असतं, ते फोनवर कुणालाही सांगायचं नसतं, हे मी आजही म्हणेन.

डॉक्टरांनी सिस्टरना बोलावलं. त्या दाराशी उभ्या राहिल्या.

डॉक्टर मला म्हणाले, "हिचं म्हणणं असं आहे की तिने आधी अपेंडिक्स सांगितलं. तुम्हीच तसं सांगायला सांगितलं होतं म्हणते. खरं आहे का?"

आत एक कंपाउंडर होता. औषध कंपनीचा एक तरुण बॅग मांडीवर घेऊन बसला होता. त्याच्या ओठावर हसू होतं, निदान मला तसं वाटलं. आधीच मूळव्याधीचा पेशंट म्हणून सगळ्यांना ठाऊक झालेला मी, आता वर खोटं सांगायला लावणारा माणूसही ठरणार होतो. हिशेबात खोटं खपवून घेत नाही म्हणून माझा दरारा आहे. मी म्हणालो, "नाही. मी कशाला असं सांगू?"

सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं. त्या भांडतील असं मला वाटलं होतं. त्या काहीच बोलल्या नाहीत.

डॉक्टर म्हणाले, "फोनवर फसली, ते एकवेळ मी समजू शकतो. कुणीही फसेल. पण वर पेशंटच्या नावावर खोटं घालते, असं माणूस मला ठेवता येणार नाही."

घरी आल्यावर बायकोला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. हात थांबवून म्हणाली, "अहो, मी होते की तिथं. असं कसं म्हणालात?"

"निघून गेलं तोंडातून."

"मग उद्या जाऊन सांगा."

उद्या गेलो नाही. परवाही नाही. पुढे तिने विचारणं सोडलं. मी रेडिओवाल्या पोरांना मात्र फोन केला आणि खूप बोललो. एक जण शांतपणे म्हणाला, "काका, आम्ही नाव झाकलं होतं. आणि माहिती तुमच्याच माणसानं दिलेली." त्यांनी क्लिप काढून टाकली. पण लोकांच्या फोनवर गेलेली कशी काढणार?

राजारामपुरीत हॉस्पिटलं एकमेकांना लागून आहेत. एखादी सिस्टर का काढली हे पलीकडच्या जिन्यात त्याच दिवशी कळतं. सिस्टरना त्या भागात कुणी ठेवलं नाही. त्यांच्या मुलीचं नर्सिंगचं शिक्षण इथे चालू होतं, नवरा इथेच फौंड्रीत होता, म्हणून घर इथेच ठेवून त्यांनी मलकापुरातल्या एका लहान दवाखान्यात काम धरलं. एसटीने जायचं, एसटीने यायचं. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मी विचारलं नव्हतं.

उसाचा गळीत हंगाम चालू असताना एका संध्याकाळी साडूचा फोन आला. नेहमी तो शिवी देऊन सुरुवात करतो. त्या दिवशी दिली नाही.

"पावणं, ती तुमची सिस्टर गेली."

"कुठं गेली?"

"गेली म्हंजे गेली. बस चुकली म्हणून दवाखान्यातल्या एकाच्या गाडीवर मागं बसून यायलती. उसाची ट्रॉली उभी हुती रस्त्यात, मागं दिवा न्हाई. तो वाचला. ही जागेवर." मग म्हणाला, "अपघातच की त्यो. त्याला कोन काय करणार?"

"हो," मी म्हणालो.

माझा स्वभाव वाटे घालण्याचा आहे. त्या आठवड्यात कामावर बसून मी मनातल्या मनात तेच करत राहिलो. ट्रॉलीवाल्याचा वाटा मोठा. साडूचा काही, रेडिओवाल्या पोरांचा काही, नीट चौकशी न करणाऱ्या डॉक्टरांचा काही. माझा म्हणून जो उरायचा तो दरवेळी लहान यायचा. दोन-तीन दिवसांनी ध्यानात आलं की साडूही मलकापुरात हेच करत असणार, पोरंही, डॉक्टरही, आणि प्रत्येकाच्या उत्तरात त्याचा स्वतःचा वाटा सगळ्यांत लहान असणार. आकडे मांडायला मला येतात, म्हणून ते कसे वाकवायचे हेही मला येतं. मी ते सोडून दिलं आणि एकच प्रश्न धरला. ती बाई त्या रस्त्यावर का होती? माझ्या 'नाही'मुळे. त्यात भागाकार करायला जागा नव्हती.

त्याच दिवशी मी ती क्लिप पहिल्यांदा शेवटपर्यंत ऐकली. पोरं खिदळतात, वाजंत्री वाजते आणि त्या गोंधळाखाली सिस्टरचा आवाज येतो. चेष्टा होती हे पोरांनी त्यांना सांगितलेलं असतं. त्या म्हणतात, "अहो, पेशंटचं नाव नका हो घालू. त्यांनी सांगायचं न्हाई म्हटलंय." एवढं बोलणं ऐकू येतं आणि क्लिप संपते.

म्हणजे मी काय सांगितलं होतं याचा पुरावा सगळ्या गावाच्या खिशात होता. लोक हसत होते म्हणून त्यांना ऐकू आलं नाही. मी लाजत होतो म्हणून मला आलं नाही. आणि मला तर पुराव्याची गरजही नव्हती.

पत्ता काढून त्यांच्या घरी गेलो. दोन खोल्या, दाराबाहेर चपला. नवरा फौंड्रीतून नुकताच आला होता, हात धूत होता. "या पावणं. कुठलं म्हणायचं तुमी?"

"मी त्यांचा पेशंट."

"लई पेशंट येऊन गेलं. बसा." आत वळून म्हणाला, "च्या टाक गं."

मी बसलो नाही. "तो पेशंट मी. रेडिओवरचा."

तो टॉवेल हातात धरून उभा राहिला. मुलगी स्वयंपाकघरातून दारापर्यंत आली. मी सगळं सांगितलं. अपेंडिक्स सांगा म्हणून मीच सांगितलं होतं, विचारल्यावर मीच नाही म्हणालो, त्या खोटं बोलल्या नव्हत्या. बोलताना मी जमिनीकडे पाहत होतो.

मग नवरा म्हणाला, "आमाला कशाला सांगालासा? आमाला ठावंच हुतं. ती आमाला कवा खोटं बोलली न्हाई."

मुलगी म्हणाली, "जिथं नाही म्हणालात, तिथं जाऊन सांगा. माझी इंटर्नशिप त्याच गल्लीत लागणार आहे. आडनाव बघून मला विचारतील, तू तिची का म्हणून."

चहा आला नाही. सांगून झालं की कळवतो म्हणून मुलीचा नंबर घेतला आणि निघालो.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलमध्ये गेलो. डॉक्टरांनी ऐकून घेतलं. "ते आता कशाला उकरताय?" म्हणाले. "आणि आम्ही तिला मुळात त्या फोनसाठीच काढलं होतं." त्यांनीही आपला वाटा वाकवला होता. मी बाहेर आलो. काउंटरवर दोन सिस्टर होत्या, बाकांवर आठ-दहा पेशंट. मी तिथे उभा राहून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, दुखण्याच्या नावासकट सगळं सांगितलं. बाकावरची एक म्हातारी म्हणाली, "अगं बाई!" कुणी हसलं नाही.

काउंटरवरची मोठी सिस्टर हातातलं काम न थांबवता म्हणाली, "आमाला ठावं हाय, काका. तुमी अपेंडिक्स सांगा म्हणालतासा तवा आमी दोघी हितंच हुतो."

"मग डॉक्टरांना का सांगितलं नाही?" हे विचारायचा मला काहीच अधिकार नव्हता, तरी मी विचारलं.

"पेशंटच न्हाई म्हणाला. मग आमी कुणाच्या जोरावर बोलायचं? आमची बी पोरं शिकत्यात."

संध्याकाळी मी सिस्टरच्या मुलीला फोन करून सांगितलं. सगळ्यांसमोर बोललो, हेही सांगितलं. तिने विचारलं, "त्या दोघी काय म्हणाल्या?"

झाकून ठेवावं असं वाटलं. पण आता पुरे, म्हणून जसंच्या तसं सांगितलं.

ती म्हणाली, "आईला माहीत होतं. नोकरी गेली त्या दिवशी घरी आली तेव्हा तुमचं नावसुद्धा नाही घेतलं तिनं. पेशंट काय, घाबरतात, म्हणाली. त्या दोघी काही बोलल्या नाहीत, म्हणून रडली."

फोन ठेवला. सिस्टर माझ्यामुळे रडल्या नव्हत्या, हे ऐकून पहिल्यांदा मला हलकं वाटलं. क्षणभरच, पण वाटलं. बायको समोर उभी होती, काय झालं म्हणून विचारत होती. तिला सगळं सांगितलं. हे हलकं वाटणं तेवढं सांगता आलं नाही.