उजवा पदर वर

पाचवा टेकही वाया गेला. सीन साधाच होता. जपानहून आलेला आजोबा कोल्हापुरात आपल्या नातीला पहिल्यांदा भेटतो. पण आमचे आजोबा नातीच्या डोक्यावरनं भिंतीकडं बघत उभे. पापणी हलेना.

मी त्या पिक्चरचा ड्रेसमन, म्हणजे नटांना कपडे चढवणारा. आजोबांचं काम करणारा नट खरोखरचा जपानी, वय चौऱ्याऐंशी. तरुणपणी तलवारीच्या पिक्चरमध्ये मागच्या रांगेत मरायचं काम, मग व्हिलन, मग बाप, आता आजोबा. साठ वर्षं तोंडाला रंग. दुभाषी मॅडम बंगळूरहून यायच्या होत्या, त्यांची गाडी कागलजवळ ट्रॅफिकमध्ये अडकलेली. त्यामुळं सकाळपासून मोबाइलमधल्या भाषांतरावर कारभार चाललेला.

"सलीमभाई, म्हाताऱ्याचं डोकं चालंना झालंय," डायरेक्टर माझ्याजवळ येऊन म्हणाला. "मॅडम आल्या की ह्याला परत पाठवतो. दुसरा नट बघू."

"साहेब, इतक्या लांबनं आलाय माणूस. हे शेवटचं काम म्हणून आलाय म्हणं."

"मग काय पिक्चर बुडवू व्हय?"

दुपारी मॅडम आल्या. आजोबांना बघून दारातच थांबल्या.

"यांना कपडे कुणी घातले?"

"मी की," मी ऐटीत सांगितलं. किमोनो, म्हणजे त्यांचा पायघोळ झगा, मीच शिवला होता.

"झग्याचा उजवा पदर डाव्याच्या वर घेतलाय तुम्ही. जिवंत माणसाचा डावा वर असतो. असा फक्त प्रेताला घालतात."

माझ्या हाताला उजवा पदर वर घ्यायची सवय, विचारायचं सुचलंच न्हाई. चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाला मी सकाळी हसत हसत प्रेताचा कपडा चढवला होता. आणि त्यांनी गुमान हात पसरून तो घालून घेतला होता. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी असं वाटलं मला.

"पण हे बोलले का न्हाईत?"

मॅडमनी विचारलं. आजोबा बराच वेळ हळू आवाजात बोलले.

"ते म्हणतात, कपडे चढवणाऱ्याला कथा ठाऊक असते, त्याला उलटं विचारायचं नाही, असं मला पहिल्याच कामाला शिकवलं. मला वाटलं, रात्रीत कथा बदलली. आजोबा वाटेतच वारले आणि त्यांचं भूत नातीला बघायला आलंय. मेलेल्यानं लेकराच्या डोळ्यांत बघू नये, म्हणून बघितलं नाही."

डायरेक्टर मटकन खुर्चीत बसला. मी पुढं होऊन हात जोडले.

"आजोबा, चूक माझी. कथा हाय तीच हाय."

मॅडमनी ते जपानीत सांगितल्यावर आजोबांनी काहीतरी विचारलं. मॅडम माझ्याकडं वळल्या.

"विचारतायत, म्हणजे मी जिवंत पोचलो?"

मी पदर सोडून, डावा वर घेऊन पुन्हा बांधला. पहिल्याच टेकला त्यांनी वाकून नातीकडं बघितलं. सकाळपासून त्यांना भ्यालेली ती पोरगी आपणहून त्यांच्या गळ्यात पडली. कागदावर तसं काही न्हवतं.

आता मी कपडा चढवायच्या आधी नटाला विचारतो, तुमच्यात हे कसं घालतात. साधा शर्ट असला तरी विचारतो. नट वैतागतात. वैतागू देत.