शेजाऱ्याला वन्स मोअर

लीड्सला आमच्या शेजारी एक जर्मन माणूस राहतो. तो पंक बँडमध्ये गातो, म्हणजे ओरडतो. चेहरा कायम सुतकी. त्यांची गाणी इंटरनेटवर नाहीत, सीडी नाही, जाहिरात नाही. “म्युझिकचा धंदा म्हणजे कत्तलखाना,” असं तो कुंपणापलीकडे टोमॅटोंना पाणी घालता घालता सांगतो.

एकदा भिडेखातर मी त्याच्या कार्यक्रमाला गेले. पबच्या तळघरात सगळे काळ्या कपड्यांत उभे, आणि त्यात माझी एकटीची आमसुली साडी. टाळ्यासुद्धा कोणी वाजवेना. पण एक गाणं मला खरंच आवडलं, आणि पुण्यात संगीत नाटकाला बसल्यासारखी मी ओरडले, “वन्स मोअर!”

सगळं तळघर माझ्याकडे वळलं. त्याने असं पाहिलं, की म्हटलं, आता कुंपण उंच होणार. मग त्याने तेच गाणं पहिल्यापासून पुन्हा म्हटलं, जरा जास्तच जोरात.

परवा मी परत गेले. सगळे उभेच होते, पण स्टेजसमोर एक खुर्ची मांडलेली होती.

“ही कोणासाठी?” मी विचारलं.

“कोट ठेवायला,” तो तशाच सुतकी चेहऱ्याने म्हणाला, आणि माझा कोट घेऊन गिटारच्या पेटीवर ठेवून आला.