वीस मिनिटांची पट्टी

मी त्या पट्टीवर फुंकर मारली.

आता काय सांगू? धान तळहातावर घ्यायचं, चोळायचं, फुंकर मारून फोल उडवायचं आणि दाणा उजेडात धरायचा, ही आमच्या घराण्याची एकमेव तपासणी. नवेगाव बांधच्या पुढे, जंगलातल्या आमच्या उपकेंद्रात सिस्टरनं बायकोच्या बोटातून रक्ताचा थेंब काढून मलेरियाच्या पट्टीवर टाकला, त्यावर औषधाचे थेंब सोडले, "वीस मिनिटं हात लावू नका भाऊ," म्हणाली आणि आत लसीकरणाला गेली. वीस मिनिटं! तिकडे शेतात धानाच्या लावणीचा रोवणा अर्ध्यावर, बायका चिखलात उभ्या. इकडे बायकोला दिवसाआड हुडहुडी भरून ताप, आणि तापाची पुढची पाळी उद्याचीच. त्याआधी गोळी सुरू व्हायला हवी होती, आणि तपासणीशिवाय गोळी नाही. मी दारापर्यंत चार चकरा मारल्या. पाचव्या चकरेला पट्टी उचलली, तिरपी केली, फुंकली.

सिस्टर आली तेव्हा पट्टीवर एकही रेघ नव्हती. रक्त नुसतं पसरलेलं.

"काऊन हात लावला जी? सांगतलं होतं ना मी!"

"उजेडात पाहून राहिलो होतो."

"मग, काय दिसलं?"

डब्यात आता एकच पट्टी उरली होती, नवा साठा दोन दिवसांनी. काचेवर रक्त घेऊन पाठवलं तर निकालाला चार दिवस. "मंग हेच लावा न," मी निर्लज्जपणे म्हणालो. बाकावर एक बाई तापलेलं लेकरू मांडीवर घेऊन बसली होती. कुठल्याशा टोल्यावरून, जंगलातल्या लांबच्या वस्तीवरून, पायी आलेली. सिस्टरनं तिच्याकडे पाहिलं, मग बायकोकडे. बायको उठलीच.

"त्या लेकराले लावा. आमी जातो तालुक्याले."

ऑटो भरेपर्यंत हलेना. पोचलो तर सरकारी दवाखान्याची ओपीडी सुटलेली. खासगी लॅबवाला म्हणाला, "भैया, पूरा बुखार का पॅकेज करा लो, टेन्शन खतम." करवलं. ज्या रोगांची नावंही मला घेता येत नाहीत, तेही तपासून झाले. मी फुटपाथवर उठबशा काढल्यासारखा उठत-बसत राहिलो. दिवस कलता कलता कागद आला : मलेरियाच. डॉक्टरनं गोळ्या लिहून दिल्या, पहिली बायकोनं तिथेच पाण्याबरोबर घेतली. तोवर परतीचा ऑटो गेलेला, म्हणून जीप ठरवली.

चार लोकांत मी नेहमी सांगत आलो की सरकारी फुकटातलं काही कामाचं नसतं. आता जीपमध्ये मीच मोठ्यानं हिशेब मांडू लागलो : ऑटो, लॅब, डॉक्टर, ही जीप, वरून रोवण्याचा अख्खा दिवस. आणि कशाच्या बदल्यात? गावातल्या गावात, वीस मिनिटांत कळणाऱ्या गोष्टीच्या. सिस्टर म्हणाली होती, ती पट्टी सरकारला आमच्या ऑटोच्या भाड्याहूनही स्वस्त पडते.

बायको खिडकीला डोकं टेकून होती. मला वाटलं, आता माझी सालटी निघणार. मी तयारही होतो. जंगलाचा रस्ता लागला. तेव्हा ती डोळे न उघडताच म्हणाली,

"त्या लेकराचं काय निघालं जी? इचारलं काय तुमी?"