जनरलसाहेबांची पदकं आणि नानांचं फडकं

नानांच्या हाती एखादी धातूची वस्तू लागली की तिची धडगत नसे. चमचा असो, दाराची कडी असो, शेजाऱ्याच्या सायकलची घंटी असो, खिशातून फडकं बाहेर निघालंच म्हणून समजा. गल्लीत त्यांना सगळे ‘चकचकीत नाना’ म्हणत आणि नानांना ते पदवीसारखं वाटे. बायको मात्र वैतागलेली असायची. तिच्या लखलखीत भांड्यांचं नातेवाइकांत कौतुक होई आणि न केलेल्या कामाचं कौतुक ऐकून घेताना तिचा जीव नकोसा होई.

ऐन उमेदीची सगळी वर्षं नाना जनरलसाहेबांच्या घरी कामाला होते. जनरलसाहेब म्हणजे साधी असामी नव्हे. तरुणपणी त्यांनी युद्ध गाजवलं, उतारवयात देशाचा कारभार हाकला. चौकात त्यांचा पुतळा आहे आणि शाळेच्या पुस्तकात धडाही आहे. नाना त्यांच्याकडे पडेल ते काम करत. दिवाणखाना झाडत, पाहुण्यांना चहा देत, बूट पुसत. पण नानांच्या मते ही सगळी किरकोळ कामं. खरं काम रविवारचं. रविवारी सकाळी साहेब कपाटातून मखमली पेटी काढून टेबलावर ठेवत आणि नाना समोर स्टुलावर बसून पदकं घासायला घेत. खडूची बारीक पूड, स्पिरिटचे थेंब, फ्लॅनेलचं फडकं आणि कडांसाठी दात घासायचा जुना ब्रश असा सगळा सरंजाम असे.

हात चाले तसं तोंडही चाले. गल्लीत कुणाचं कुणाशी वाजलं, कुणाच्या मुलीने पळून जाऊन लग्न केलं, भाजीवाला वजनात कसा मारतो, सगळं साहेबांच्या कानावर जाई. लढाया जिंकलेला तो माणूस आरामखुर्चीत मान डोलवत ऐकत बसे आणि मध्येच विचारी, ‘मग त्या मुलीचा बाप काय म्हणाला?’ एकदा पाहुण्यांसमोर साहेब म्हणाले होते, की नानाच्या हातची चकाकी अख्ख्या फौजेत कुणाला जमली नाही. हे वाक्य नानांनी पुढे इतक्या जणांना ऐकवलं, की नातवंडं ते त्यांच्याआधी पूर्ण करू लागली.

साहेब गेले. काही वर्षांनी त्यांच्या एकुलत्या एक मुलीने, ताईसाहेबांनी, पदकं लिलावात काढायची ठरवली. येणारा पैसा सैनिकांच्या मुलांच्या शाळेला द्यायचा होता. वर्तमानपत्रात पेटीचा फोटो छापून आला, तेव्हा नानांनी तो अंक बगलेत मारून सगळी गल्ली पालथी घातली. फोटोतसुद्धा कशी लखलखतायत बघा, असं ते प्रत्येकाला सांगत आणि समोरचा ‘वा’ म्हणेपर्यंत हलत नसत.

मग दुसरी बातमी आली. पदकाच्या कडेवर, म्हणजे त्याच्या जाडीवर, ते ज्याला मिळालं त्याचं नाव आणि हुद्दा कोरलेला असतो. साहेबांच्या पदकांच्या कडा कोऱ्या निघाल्या. आणि या व्यवहारात कोऱ्या कडेचा अर्थ लोक एकच लावतात, तो म्हणजे दुसऱ्या कुणाचं नाव घासून काढलं आणि पदक मोठ्या माणसाच्या पेटीत सारलं. वर्तमानपत्राने तर सरळ विचारलं होतं, की ही पदकं जनरलसाहेबांची होती तरी का? त्यात ताईसाहेबांनी, काही खुलासा न करता, पेटी परत मागितली. झालं, लोकांना तेवढंच हवं होतं. पुतळ्याला कालपर्यंत हार घालणारे ‘आम्हाला आधीच शंका होती’ म्हणू लागले. माणसं अशा वेळी किती पटकन हुशार होतात!

नाना तेव्हा न्हाव्याच्या खुर्चीत होते. अर्धी दाढी झाली होती. न्हावी वस्तरा फिरवता फिरवता म्हणाला, की मोठ्या लोकांचं सगळं असंच असतं, वरून झगझग आणि आत काही नाही. नाना ताडकन उठले, गळ्यातला टॉवेल त्याच्या अंगावर फेकला आणि साबणाच्या फेसासकट घरी आले.

बायकोने बातमी शेवटपर्यंत वाचली. चष्मा काढून ठेवला.

“कडा कोण घासायचं?” तिने विचारलं.

“मीच की,” नाना छाती पुढे काढून म्हणाले. “ब्रशने. कडेला फार मळ...”

वाक्य तिथेच राहिलं. गालावरचा फेस तसाच वाळत गेला.

पेच मोठा विचित्र होता. गप्प बसावं, तर साहेबांसारखा माणूस मेल्यावर लबाड ठरणार. तोंड उघडावं, तर ज्या चकाकीवर नानांनी उभा जन्म मिरवला तीच गावभर हसण्याचा विषय होणार. धन्याचं नाव पुसणारा नोकर! दिवसभर त्यांनी फडक्याला हात लावला नाही. संध्याकाळी ते बायकोला म्हणाले, की लोक फार हसतील. ती म्हणाली, “हसू देत. तुम्हाला हसलेले लोक मी काय आज बघतेय?” इतका मोलाचा धीर नानांना आजवर कुणी दिला नव्हता. त्यांनी लिलाववाल्यांना फोन लावला.

लिलाववाल्यांना अशा फोनांची सवय होती. साहेबांचा मानलेला भाऊ, साहेबांच्या घोड्याचा डॉक्टर, असे बरेच जण उगवले होते. तरी त्यांनी आपल्या तपासनीस बाईंना नानांच्या घरी पाठवलं. बाई हुशार होत्या, पण घर काही सापडेना. जिने चढून उतरून त्या दमल्या. शेवटी नानांनीच दार उघडलं.

“दारावर पाटी नाही का लावलीत?” बाईंनी विचारलं.

“आहे की. ही काय, पितळी. लग्न झालं तेव्हा बसवलीय.”

बाईंनी पाटीकडे पाहिलं. आरशासारखी होती. तीत त्यांना स्वतःचं घामेजलेलं तोंड दिसलं. त्यांनी पाटीवर बोट फिरवलं, कुठेतरी झिजल्या अक्षराचा एखादा खळगा लागला, आणि मग त्यांना असं हसू आलं की त्या पायरीवरच बसल्या. आत गेल्यावर बायकोने शर्यतीत मिळालेला मुलीचा कप त्यांच्या हातात दिला. त्याच्यावरही एक अक्षर शिल्लक नव्हतं. “धावली आमचीच मुलगी,” ती म्हणाली, “पण आता शपथेवरच सांगावं लागतं.” नाना कोपऱ्यात उभे राहून खिशातल्या खिशात फडकं चुरगाळत होते.

दुसऱ्या दिवशी बाईंनी नानांना कचेरीत बोलावलं. मागच्या खोलीत दिव्याखाली पदकं मांडली होती. पेटी न्यायला ताईसाहेबही आल्या होत्या. बाईंनी भिंगातून पुन्हा एकेक कड तपासली. कानस लावून नाव काढलं तर कडेवर सरळ ओरखडे राहतात, असं त्यांनी समजावून सांगितलं. इथे ओरखडा नव्हता. सगळं गुळगुळीत झिजलं होतं. दर्शनी बाजूच्या सिंहाचं नाकही सपाट झालं होतं. मग त्यांनी फीत ओवायची कडी जिथे पदकाला धरून असते ती पकड अलगद सोडवली. तिच्याखाली ना फडकं पोचलं होतं, ना ब्रश. तिथे साहेबांच्या आडनावाची शेवटची दोन अक्षरं उभी होती, काल कोरल्यासारखी. दुसऱ्या पदकातही तीच. तिसऱ्यातही.

बाईंनी तिथल्या तिथे लिलावाच्या पत्रकात नवी ओळ लिहिली: ‘पदके अस्सल. कडा हाताने पुसून पुसून झिजलेल्या.’ लिलाव ठरल्या दिवशीच होणार, असं सांगून त्या आपल्या वरिष्ठांना खबर द्यायला लगबगीने गेल्या.

खोलीत ताईसाहेब आणि नाना दोघंच उरले. साहेबांची अब्रू वाचली होती, पण नानांना वर बघवेना.

“ताई,” ते म्हणाले, “साहेबांचं नाव मी पुसलं. माझ्या या हातांनी. वर सगळ्यांना सांगत फिरलो.”

“मला माहीत होतं, नाना.”

नानांनी मान वर केली.

“बाबांनीच दाखवलं होतं मला. एकदा मी सुट्टीला घरी आले होते तेव्हा. म्हणाले, हे बघ, माझं नाव चाललं. मी म्हटलं, मग थांबवा ना त्यांना. तर म्हणाले, तो थांबला तर माझ्याशी बोलायला कोण बसणार?” ताईसाहेबांनी एक पदक उचलून पेटीत ठेवलं. “आई गेलेली, मी तिकडे लांब. तुम्हाला कधी कळू द्यायचं नाही, असं वचन घेतलं माझ्याकडून. म्हणून तर पेटी परत मागितली. खुलासा करायचा तर तुमचं नाव घ्यावं लागलं असतं.”

नानांच्या डोळ्यांपुढे ते रविवार उभे राहिले. आणि रविवारच का, मधल्या वारीसुद्धा साहेब पेटी काढून म्हणत, आज जरा मळल्यासारखी वाटतायत, नाना. नाना बघत, तर चकचकीत. पण साहेबांनी म्हटलं म्हणजे मळली असणारच, असं धरून ते बसत घासायला. बंद कपाटातली बंद पेटी मळेल कशी, हा प्रश्न त्यांना इतक्या वर्षांत एकदाही पडला नव्हता. आता पडला, आणि उत्तरही मिळालं. नानांना रडू आवरेना.

ताईसाहेबांनी एक खुर्ची त्यांच्याकडे सरकवली, दुसरीवर स्वतः बसल्या. त्यांनाही घरी जायची काही घाई दिसत नव्हती.

“बोला ना काहीतरी, नाना,” त्या म्हणाल्या. “बाबांशी बोलायचात तसं.”

नानांनी नाक ओढलं, खुर्ची जरा पुढे घेतली, आणि वरच्या मजल्यावरच्या नवराबायकोचं पाण्याच्या टाकीवरून कसं जुंपलं, तिथून सुरुवात केली.